काटा, पट्टा आणि तारखा: वजन जास्त असताना दिवस राहिले तर

पहिल्या तपासणीला काट्यावरून उतरता उतरता "किती वजन वाढवून ठेवलंय!" हे ऐकावं लागलं की बाई पुढची तारीख चुकवते. मग चौथा महिना उलटतो, पाचवा लागतो. वजन जास्त असलेल्या गरोदर बाईसाठी सगळ्यात उपयोगाच्या गोष्टी मात्र पहिल्या सोळा आठवड्यांतच करायच्या असतात. त्यामुळे पहिली विनंती घरच्यांना आणि तपासणाऱ्यांना आहे: बोलून वजन उतरत नाही, तारीख मात्र हुकते. अशा बहुतेक बायकांचं बाळंतपण सुखरूप होतं. धोके वाढतात हे खरं, पण वेळेवर आणि नीट मोजलं तर त्यातले बरेचसे आधी दिसतात आणि आवरता येतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या जवळजवळ दर चौथ्या बाईचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, २५ किंवा त्याहून जास्त निघाला. तेव्हा ही चार-दोन जणींची गोष्ट नाही.

बीएमआय काढायला सोपा आहे. किलोतलं वजन घ्यायचं आणि मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. उंची १५५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण ५ फूट १ इंच, आणि वजन ७२ किलो असेल तर ७२ ला १.५५ ने दोनदा भागून ३० येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या नेहमीच्या मापाने २५ च्या वर वजन जास्त आणि ३० च्या वर लठ्ठपणा. भारतीयांसाठी मात्र हे आकडे २३ आणि २५ धरतात, कारण आपल्याकडे कमी वजनातच पोटावर चरबी साठते आणि शुगर लवकर चढते. म्हणजे याच उंचीची ६२ किलोची बाई डोळ्यांना जाड दिसणारही नाही, पण तिचा बीएमआय २६ च्या जवळ आहे आणि शुगरच्या बाबतीत तिनेही गाफील राहू नये. हिशोबाला वजन दिवस राहण्याआधीचं घ्यायचं, ते माहीत नसेल तर पहिल्या १०-१२ आठवड्यांतलं. सातव्या महिन्यातल्या वजनावरून काढलेल्या बीएमआयला काही अर्थ नाही.

आता नऊ महिन्यांत वजन किती वाढू द्यायचं? डॉक्टर साधारणपणे २००९ चे अमेरिकी आकडे वापरतात: आधीचा बीएमआय २५ ते ३० असेल तर एकूण ७ ते ११.५ किलो, ३० च्या वर असेल तर ५ ते ९ किलो. दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत हे आठवड्याला अनुक्रमे २८० आणि २२० ग्रॅमच्या आसपास पडतं, म्हणजे महिन्याला सव्वा किलो किंवा किलोच्या थोडं खाली. ५ किलो वाचून पुष्कळ जणी घाबरतात, बाळ उपाशी राहील असं वाटतं. पण वाढलेलं वजन जातं कुठे ते बघा: बाळ ३ किलो, वार अर्ध्या-पाऊण किलोची, गर्भजल पाऊण-एक किलो, गर्भाशय किलोभर आणि वाढलेलं रक्त सव्वा-दीड किलो. उरलेला भाग अंगातलं पाणी आणि चरबी. चरबीचा साठा अंगावर आधीच आहे, तो नव्याने करायची गरज नाही, म्हणूनच एवढी वाढ पुरते.

याचा अर्थ गरोदरपणात डाएट करायचं असा अजिबात नाही. वजन उतरवायची वेळ दिवस राहण्याआधीची किंवा बाळंतपणानंतरची. या नऊ महिन्यांत फक्त वाढीचा वेग धरायचा. पहिल्या तीन महिन्यांत उलट्यांनी एखाद-दोन किलो उतरले तर सहसा काळजी नसते, पण पाणीही पोटात ठरत नसेल तर लगेच दाखवावं. वजन आठवड्यातून एकदा करा, सकाळी, लघवी करून आल्यावर, त्याच काट्यावर, साधारण तशाच कपड्यांत. विसाव्या आठवड्यानंतर एकाच आठवड्यात दीड-दोन किलो चढले तर ती चरबी नव्हे, पाणी साठलंय. त्या दिवशी जेवण कमी करू नका, बीपी तपासून या.

"दोन जिवांची आहेस, दोघांचं खा" हे वाक्य ज्या काळात बायका अर्धपोटी शेतावर राबत होत्या त्या काळात बरोबर होतं. भारतीय आहारतज्ज्ञांच्या शिफारशीत गरोदर बाईला दिवसाला ३५० कॅलरी जास्त सांगितल्या आहेत. ताटात मांडल्या तर एक ज्वारीची भाकरी, वाटीभर घट्ट उसळ आणि वाटीभर दही, एवढंच. पहिल्या तिमाहीत त्याचीही फारशी गरज नसते. वाढवायचं ते प्रथिन: दुसऱ्या तिमाहीत रोज साडेनऊ ग्रॅम जास्त, तिसऱ्या तिमाहीत २२ ग्रॅम. अंडं, मासे, चिकन, दही, पनीर, मटकी, चवळी, हरभरे यांतून ते येतं. वरणावरच्या पाण्यातून येत नाही, वरण घट्टच हवं.

वजन कुठून चढतं याचा हिशोब घालताना मी आधी चहाकडे बघायला सांगेन. दिवसातून चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे आठ चमचे, जवळजवळ ४० ग्रॅम, १६० कॅलरी. शिवाय प्रत्येक कपाबरोबर दोन बिस्किटं. साखर एकदम सोडवत नसेल तर कप निम्मा करा आणि साखर कपाला अर्ध्या चमच्यावर आणा. पोहे खायचे तर त्यात वाफवलेले मूग किंवा मूठभर दाणे हवेत, नुसत्या पोह्यांनी दोन तासांत पुन्हा भूक लागते. दुपारी आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ-भाकरी, भात शेवटी आणि अर्धी वाटी, असा क्रम ठेवला की तेच जेवण असूनही शुगर कमी उसळते. आंबा बंद करायची गरज नाही, पण आमरस वाटीने नको. अर्धा हापूस, फोडी करून, जेवणानंतर लगेच नको, मधल्या वेळेला. तेल दिवसाला चार लहान चमच्यांच्या आसपास ठेवा.

उपासांचं काय? साबुदाणा खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, वर बटाटा. शुगरचा कल असलेल्या बाईला याहून वाईट नाश्ता सापडायचा नाही. राजगिरा, दही, दाणे, फळ यांवर निभवता येत असेल तर ठीक. हरतालिकेसारखा निर्जळी उपास गरोदरपणात करू नये, हे घरातल्या मोठ्या बायकांनीच पुढे होऊन सांगावं, म्हणजे सुनेवर नाही म्हणायची पाळी येत नाही. बराच वेळ उपाशी राहिलं की शरीर चरबी जाळतं आणि रक्तात कीटोन वाढतात, बाळासाठी ते चांगलं नाही. रात्रीचं जेवण आणि सकाळचा पहिला घास यांत दहा तासांहून जास्त अंतर पडू देऊ नका. झोपताना कपभर बिनसाखरेचं दूध पुरतं.

चालणं प्रत्येक जेवणानंतर १०-१५ मिनिटं. सकाळी एकदम तासभर चालण्यापेक्षा हे शुगरला जास्त मानवतं आणि गुडघ्यांनाही सोसतं. आठवड्याला एकूण १५० मिनिटं व्हावीत. चालताना बोलता यावं, गाता येऊ नये, एवढा वेग. रक्तस्राव, पिशवीच्या तोंडाला टाका किंवा खाली आलेली वार असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

आता गोळ्या. फोलिक अ‍ॅसिड हे सगळ्यांत आधीचं औषध, कारण बाळाच्या मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत बंद होते. पाळी चुकली हे लक्षात येईपर्यंत ते काम निम्मं झालेलं असतं. सर्वसाधारण मात्रा रोज ४०० मायक्रोग्रॅम. बीएमआय ३० च्या वर असेल तर ब्रिटनमधल्या प्रसूतितज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शनात ५ मिलिग्रॅम सांगितलं होतं, कारण जास्त वजनाच्या आईच्या बाळात या नळीचे दोष जास्त आढळतात. आपल्याकडे ५ मिलिग्रॅमची गोळी कुठल्याही औषधांच्या दुकानात मिळते. दिवस राहण्याच्या किमान एक महिना आधी सुरू करायची आणि बाराव्या आठवड्यापर्यंत चालू ठेवायची. मूल हवं असं ठरवताय तर हे त्याच आठवड्यात डॉक्टरांना विचारा. त्याच भेटीत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), थायरॉइड आणि बीपी पाहून घ्यावं, आणि बीपीची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर ती गरोदरपणात चालणारी आहे का तेही.

याच वेळी आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. वजन उतरवायची आठवड्याला एकदा घ्यायची इंजेक्शनं आता आपल्या शहरांत सर्रास घेतली जातात. सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं, कारण ते शरीरातून सावकाश जातं. टिर्झेपटाइड हे असंच दुसरं इंजेक्शन चालू असताना तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो. आणि वजन उतरलं की बंद पडलेली पाळी सुरू होते, नको तेव्हा दिवस राहतात. पीसीओएसमुळे, म्हणजे पाळी अनियमित करणाऱ्या अंडाशयाच्या त्रासामुळे, "मला काही राहणार नाही" असं धरून चालणाऱ्या मुलींनी हे विशेष ध्यानात ठेवावं. पोटाचं वजन घटवायचं ऑपरेशन झालं असेल तर १२ ते १८ महिने थांबून मग विचार करावा.

बीपीचा पट्टा हा विषय मी मुद्दाम सविस्तर घेते आहे, कारण इथे चूक रोज होते आणि ती डोळ्यांसमोर असते. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये दंडाभोवती शिंप्याचा टेप धरा. घेर ३२ सेंटिमीटरच्या वर असेल तर नेहमीचा पट्टा तुम्हाला लहान आहे. घरगुती यंत्रांसोबत येणाऱ्या पट्ट्यावर बहुधा २२ ते ३२ असं छापलेलं असतं. मोठा पट्टा ३२ ते ४२ चा असतो आणि वेगळा विकत मिळतो. लहान पट्टा जाड दंडावर कसाबसा गुंडाळला, वेल्क्रो टोकावर चिकटवलं आणि हवा भरताना ते करकरत सुटायला लागलं की समजावं, आकडा खोटा येणार, आणि खरा आहे त्यापेक्षा जास्त येणार. मग नसलेल्या बीपीची गोळी सुरू होते, किंवा "हिचं असंच जास्त दाखवतं" म्हणून खऱ्या बीपीकडे दुर्लक्ष होतं. दुसरं जास्त वाईट. मोजण्याआधी अर्धा तास चहा नको, पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही, दंड छातीच्या पातळीवर, बाही गुंडाळून दंडात अडकवलेली नको. मनगटावरची यंत्रं यासाठी घेऊ नका. दवाखान्यात मोठा पट्टा नसेल तर स्वतःचा घेऊन जा, यात लाजण्यासारखं काही नाही.

१४०/९० किंवा वर आलं तर त्याच दिवशी कळवायचं. १६०/११० म्हणजे थेट रुग्णालय. आकडा नसला तरी ही लक्षणं दिसली तर वाट पाहायची नाही: गोळी घेऊनही न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, उजव्या बाजूला बरगडीखाली दुखणं, चेहरा अचानक सुजणं. उजव्या बरगडीखालचं दुखणं "अ‍ॅसिडिटी आहे" म्हणून घरोघरी जिऱ्याच्या पाण्यावर काढलं जातं. विसाव्या आठवड्यानंतर ते यकृताचं असू शकतं, आधी बीपी बघा.

गरोदरपणातल्या बीपीचा धोका कमी करायला लहान मात्रेतलं अ‍ॅस्पिरिन देतात, ७५ ते १५० मिलिग्रॅम, रात्री. पहिली खेप, वय ३५ च्या पुढे, आई-बहिणीला हा त्रास, जुळी, दोन खेपांत दहा वर्षांहून जास्त अंतर, अशांपैकी काही जास्त वजनाच्या जोडीला असेल तर डॉक्टर त्याचा विचार करतात. सुरुवात बारा ते सोळा आठवड्यांत व्हावी लागते, कारण वारेच्या रक्तवाहिन्या तेव्हा रुजत असतात. सातव्या महिन्यात सुरू केलेलं अ‍ॅस्पिरिन हे काम करत नाही. सुरुवातीलाच सोळा आठवडे म्हटलं ते याचसाठी. मनाने घेऊ नका, दमा किंवा अल्सर असेल तर आधी सांगा.

शुगरची तपासणी पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत, हे सरकारी मार्गदर्शनातच आहे. चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्यांनी आपल्या परिस्थितीला साजेशी पद्धत रुजवली: उपाशी पोटाची अट नाही, त्यामुळे खेड्यातून दोन एसटी बदलून आलेल्या बाईला परत पाठवावं लागत नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिलिलिटर पाण्यात, ५ ते १० मिनिटांत प्यायचं, बरोबर दोन तासांनी रक्त. १४० किंवा जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह. पाणी फार गोड लागतं, मळमळतं. गार पाण्यात केलं आणि लिंबाचे दोन थेंब पिळले तर उतरतं. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची, अर्ध्या तासानंतर झाली तर तीच पुढे चालते. मधले दोन तास बसून राहायचं. "बाजारात जाऊन येते" म्हणून चालून आलं की आकडा खोटा कमी येतो. वजन घटवायचं पोटाचं ऑपरेशन झालेल्यांनी हे ग्लुकोज पिऊ नये, त्यांना चक्कर, घाम, जुलाब होऊ शकतात. त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवडाभर घरी ग्लुकोमीटरने मोजावं.

शुगर निघाली तर दोन आठवडे जेवण आणि चालणं. उपाशीपोटी ९५ च्या खाली आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या खाली आली नाही तर औषध. इन्सुलिन ऐकलं की घरात रडारड होते. खरं तर ते वारेतून बाळापर्यंत पोचत नाही, म्हणूनच ते निवडतात. आईच्या रक्तातली साखर मात्र पोचते. मग बाळ स्वतःचं इन्सुलिन भराभर तयार करतं, खांद्यांवर आणि पोटावर चरबी चढते, डोकं बाहेर आल्यावर खांदा अडकण्याची भीती वाढते. आणि नाळ कापली की आईकडून येणारी साखर थांबते पण बाळाचं इन्सुलिन चालूच असतं, म्हणून जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन तासांत बाळाची शुगर घसरते. अशा बाळाला पहिल्या तासात दूध पाजायचं आणि टाचेतून थेंब घेऊन शुगर बघायची. प्रसूतीच्या खोलीबाहेर थांबलेल्या माणसाने हे नर्सला आठवण करून द्यावं.

सोनोग्राफीत चरबीच्या थरातून ध्वनिलहरी जाताना विरतात, चित्र धूसर येतं. ११ ते १४ आठवड्यांतली पहिली तपासणी योनिमार्गातून केली तर जास्त स्पष्ट दिसतं, त्याने बाळाला इजा होत नाही. १८ ते २० आठवड्यांच्या तपासणीत हृदयाचे कप्पे किंवा मणका दिसला नाही तर "आठवड्याने पुन्हा या" म्हणतात. तो बहाणा नसतो. फक्त पहिली तारीख अठराव्या आठवड्यातच घ्या, म्हणजे पुन्हा जायला आणि काही निघालंच तर पुढचं ठरवायला वेळ उरतो. एनआयपीटी ही आईच्या रक्तातून करायची तपासणी जास्त वजनात कधी कधी निकालच देत नाही, कारण आईचं रक्त जास्त असल्याने त्यात बाळाच्या डीएनएचं प्रमाण कमी पडतं. पोटावरून टेपने बाळाची वाढ मोजणंही इथे फसवं, म्हणून तिसऱ्या तिमाहीत वाढीची सोनोग्राफी हवी. आणि "पोट जाड आहे म्हणून हालचाल कळत नाही" हे कुणीही म्हणालं तरी मान्य करू नका. जेवण करून डाव्या कुशीवर पडा, दोन तासांत दहा हालचाली मोजा. कमी भरल्या किंवा नेहमीचा ढंग बदलला तर त्याच दिवशी जा, रात्र असली तरी.

लोहाची आणि कॅल्शियमची गोळी इतरांसारखीच, दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर. जास्त वजन म्हणजे रक्त भरपूर असा एक समज आहे. हिमोग्लोबिन जाडी बघून ठरत नाही.

घोरणं मात्र सांगायला विसरू नका. झोपेत श्वास अडकत असेल, दिवसा डुलक्या येत असतील तर बीपी चढायला ते एक कारण असतं आणि भूल देणाऱ्यालाही माहीत असावं लागतं.

सातव्या महिन्यात ओटी भरून माहेरी जायची रीत आहे. माया तिथली खरी, पण याच वेळी डॉक्टर बदलतो, कागद अर्धे सासरी राहतात, आणि माहेरच्या गावचा दवाखाना एका खोलीचा असू शकतो. निघण्याआधी सोनोग्राफीचे सगळे अहवाल, रक्ताचे आकडे, चालू औषधांची यादी आणि माता-बाल संरक्षण कार्ड एका फाइलीत घाला, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. माहेरचं रुग्णालय आधी ठरवा आणि फोनवर चार गोष्टी विचारा: भूलतज्ज्ञ रात्री किती वेळात येतात, रक्त कुठून आणतात, नवजात बाळासाठी सोय आहे का, ऑपरेशनचं टेबल किती किलो वजन पेलतं. शेवटचा प्रश्न ऐकून पलीकडचा माणूस चमकेल. विचाराच. प्रवास आठ-दहा तासांचा असेल तर दर दीड-दोन तासांनी उतरून पाच मिनिटं चाला, पाणी पीत राहा. लघवी लागेल म्हणून तहानेलं राहणं आणि पाय लोंबकळत ठेवून बसणं यानेच पायात रक्ताची गाठ होते. खर्चाची अडचण असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून तपासणी मोफत होते, आणि वाहनासाठी १०२ व १०८ आहेतच.

बाळंतपण नैसर्गिक व्हावं ही इच्छा ठेवायला हरकत नाही, पुष्कळ जणींचं होतंच. पण कळा आणायचं औषध उशिरा लागू पडतं, सिझरची शक्यता वाढते. भूलतज्ज्ञाला आधी, शक्य तर ३४-३६ आठवड्यांत, एकदा भेटून घ्या, बीएमआय ४० च्या वर असेल तर नक्कीच. मणक्यातली जागा बोटाने सापडायला वेळ लागतो, लांब सुई लागू शकते, आणि ऐन घाईच्या वेळी हे शोधत बसणं कुणालाच नको असतं. सिझर झालं तर अँटिबायोटिक चिरा देण्याआधी दिलं जावं आणि त्याची मात्रा वजनाप्रमाणे असावी. चरबीचा थर दोन सेंटिमीटरहून जाड असेल तर तो वेगळा शिवतात, म्हणजे आत पाणी साठून टाके उसवत नाहीत.

टाके सुटतात ते घरी, पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास, आणि कारण बहुधा ओल असतं. सिझरची रेघ पोटाच्या घडीखाली जाते. तिथे घाम येतो, हवा लागत नाही, आणि बाईला ती जागा दिसतही नाही. दिवसातून दोनदा पाठीवर पडा, घरातल्या एखाद्या बाईला घडी दोन्ही हातांनी वर उचलून धरायला सांगा आणि मोबाइलचा टॉर्च लावून बघायला सांगा. डॉक्टरांनी अंघोळीची परवानगी दिली की साधं पाणी वरून वाहू द्यायचं, घासायचं नाही. धुतलेल्या सुती कापडाने टिपायचं, दहा मिनिटं पंख्याखाली तसंच पडायचं, मग जुन्या धोतराची किंवा साडीची स्वच्छ धुऊन इस्त्री केलेली घडी त्या वळीत ठेवायची. ओली झाली की बदलायची, उन्हाळ्यात दिवसाला चार लागतील. हळद, पावडर, तेल काही नाही. पोटपट्टा दिवसभर आवळून ठेवला की तीच ओल आत कोंडते. लाली पसरत असेल, पाणी किंवा पू येत असेल, वास येत असेल, १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप असेल तर त्याच दिवशी टाके दाखवा.

बाळंतिणीने सव्वा महिना पलंगावरून उतरू नये आणि खाटेखाली शेगडी असावी, ही पद्धत जास्त वजनाच्या बाईला सरळ धोक्याची आहे. बंद खोलीत कोळशाचा धूर आई-बाळ दोघांनाही घातक, घामाने टाके भिजतात, आणि पडून राहिल्याने पायात गाठ होते. गाठीचा धोका बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत सगळ्यात जास्त असतो. सिझर झालं तरी भूल उतरली आणि डॉक्टर हो म्हणाले की चालायला लागायचं. काही जणींना रक्त पातळ ठेवणारी हेपारिन प्रकारची इंजेक्शनं वजनाच्या मात्रेने देतात, बीएमआय ४० च्या वर असेल तर किमान दहा दिवस. पोटावर टोचायची असतात, घरच्यांना शिकता येतात, अर्धी सोडून देऊ नका. एकच पाय सुजला, पोटरी दुखायला लागली, किंवा अचानक दम लागला तर थेट रुग्णालय.

दूध एखाद-दोन दिवस उशिरा उतरू शकतं, हे माहीत नसल्याने दुसऱ्याच दिवशी "हिला दूधच नाही" म्हणून डबा आणला जातो. चिकाचे थेंब हाताने पिळून चमच्यात घ्या आणि पाजा, दिवस-रात्र मिळून ८ ते १२ वेळा बाळाला लावा. मांडीवर जमत नसेल तर बाळाला बगलेत, पाय मागे करून धरा, स्तनाखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, म्हणजे बाळाचं नाक मोकळं राहतं आणि टाक्यांवर भार येत नाही. पाचव्या दिवसापासून बाळ दिवसातून सहा वेळा लघवी करत असेल तर दूध पुरतंय.

पाजणाऱ्या आईला दिवसाला ६०० कॅलरी जास्त लागतात, तेव्हा डिंकाचा लाडू खावाच, पण सकाळी एक. मोठ्या लाडवात दोन पोळ्यांइतकी ऊर्जा असते. तूप घातलेली अळिवाची खीर, शिरा आणि तीन लाडू एकाच दिवशी झाले की नऊ महिने धरलेला वेग सव्वा महिन्यात सुटतो. पुढच्या खेपेआधी अंतर हवं, त्यासाठी तांबी सोयीची. दोन संप्रेरकांच्या गर्भनिरोधक गोळ्या सुरुवातीच्या आठवड्यांत नकोत, त्यांनी गाठीचा धोका वाढतो.

गरोदरपणात शुगर निघाली असेल तर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी पुन्हा करायची असते, या वेळी उपाशीपोटी. उपाशीपोटी १२६ किंवा दोन तासांनी २०० आली तर मधुमेह कायमचा झालाय. ही तपासणी चुकते, कारण तोवर घरातल्या सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असतं. बाळाची दीड महिन्याची लस त्याच आठवड्यात येते. त्या दिवशी आईने सकाळी काही न खाता निघावं, आधी स्वतःचं रक्त द्यावं, ग्लुकोज प्यावं, मधल्या दोन तासांत बाळाची लस आणि पाजणं उरकावं, आणि दुसरं रक्त देऊनच घरी यावं. पिशवीत डब्यात भाकरी-उसळ असू द्या, दुसरी सुई झाली की तिथेच खायला.